बेचिराख शहर पुन्हा बांधताना: नाशिककरांनी वारंवार विचारलेले प्रश्न

गेल्या वर्षभरात नाशकात चार-पाच ठिकाणी युद्धात मोडलेल्या शहरांच्या पुनर्बांधणीवर बोलण्याचा योग आला. एकदा ज्येष्ठ नागरिक संघात, एकदा वास्तुशास्त्राच्या मुलांसमोर, एकदा तर सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीच्या दुधाबरोबर. प्रश्न बहुतेक तेच आले, म्हणून ते एकत्र लिहून काढले. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. तीस वर्षं याच गावातल्या इमारतींचे कॉलम-बीम मोजत आलोय, त्यामुळे उत्तरं त्याच चष्म्यातून दिली आहेत.

हा विषय नेमका काय आहे?

युद्धात मोडलेली शहरं पुन्हा उभी करायची, पण जशी होती तशी नाही. कोळसा आणि गॅस कमी जाळणारी, वीज-पाणी जपून वापरणारी, कारभार उघड्यावर ठेवणारी अशी उभी करायची. आणि तो खर्च एका देशाच्या आवाक्यातला नाही, म्हणून इतर देशांनी, शहरांनी, बँकांनी हात लावायचा. आज ही चर्चा सर्वात जास्त युक्रेनबद्दल होते, म्हणून पुढची बरीच उदाहरणं तिथलीच आहेत.

युद्ध थांबायच्या आत बांधायची घाई कशाला? उद्या पुन्हा बॉम्ब पडला तर?

पडतो. दुरुस्त केलेल्या इमारतीवर पुन्हा मारा झाल्याची उदाहरणं आहेत. पण हिवाळा तह होण्याची वाट बघत नाही. निफाडला पारा पाचच्या खाली गेला की आपण द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. खारकीवमध्ये उणे पंधरा-वीस होऊ शकतं. स्फोटात भिंत पडायच्या आधी काच फुटते, दोन-तीन गल्ल्या पलीकडच्या घरांचीसुद्धा. खिडकीला प्लायवूड ठोकून माणूस एक हिवाळा काढेल, दुसरा कसा काढणार? त्यामुळे लोक वाट बघत बसले नाहीत. २०२२ च्या वसंतात रशियन फौजा कीवच्या आसपासून मागे गेल्यावर इरपिन आणि बुचात दुरुस्त्या लगेच सुरू झाल्या. खारकीवमध्ये शाळेचे वर्ग मेट्रोच्या स्थानकांत भरले, पुढे जमिनीखाली नव्या शाळाच बांधल्या.

मग प्रश्न 'बांधायचं का' हा उरत नाही. लोक बांधणारच आहेत. पण काच एकपदरी बसवायची की तीनपदरी हे आत्ताच ठरतं, आणि एकदा बसवली की पुढची तीस-चाळीस वर्षं तीच राहते.

'हवामान-तटस्थ' शहर म्हणजे काय? सोप्या मराठीत सांगा.

शहर जितका कार्बन हवेत सोडतं तो कमी करत करत तळाशी आणायचा, आणि जो थोडा उरेल तो झाडं, माती किंवा इतर मार्गांनी शोषून घेऊन हिशेब शून्यावर आणायचा. पहिलं काम मोठं, दुसरं छोटं. पुष्कळ लोक उलटं समजतात, म्हणजे हवं ते जाळा आणि नंतर वृक्षारोपणाचा फोटो काढा. तसं नाही.

युरोपीय संघाने एप्रिल २०२२ मध्ये ११२ शहरं निवडली. त्यातली १०० संघातली आणि १२ बाहेरची. २०३० पर्यंत हवामान-तटस्थ आणि स्मार्ट व्हायचं असं त्यांनी ठरवलंय. युक्रेनमधल्या शहरांची पुनर्बांधणी त्याच मापाने व्हावी असा आग्रह धरला जातो, कारण त्या देशाला युरोपीय संघात जायचंय. आज स्वस्तात बांधून पंधरा वर्षांनी पुन्हा नियमांसाठी फोडायचं, हे कोणालाच परवडणारं नाही.

लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही कार्बन मोजताय?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि तो रास्त आहे. ज्येष्ठ नागरिक संघात एका काकांनी तर टेबलावर हात आपटून विचारला.

युक्रेनमधल्या शहरांत ख्रुश्चेव या सोव्हिएत नेत्याच्या काळातल्या पाचमजली पॅनेलच्या इमारतींच्या ओळीच्या ओळी आहेत. भिंती पातळ, सांधे उघडे. घरं गरम ठेवण्याचं काम मोठ्या बॉयलर-केंद्रांतून निघणारं गरम पाणी करतं. आपल्याकडे जसं पिण्याचं पाणी पाइपातून घरोघर येतं, तसं तिथे कढत पाणी शहरभर फिरतं आणि खोलीतल्या रेडिएटरमधून जातं. पाइप जुने, गळके. केंद्रावर किंवा वीजवाहिनीवर क्षेपणास्त्र पडलं की अख्खा भाग गार, आणि पाइपातलं पाणी गोठलं की पाइपही फुटतात.

आता अशा इमारतीला बाहेरून थर्माकोल किंवा खनिज लोकरीचा जाड थर देऊन वर गिलावा केला, खिडक्या चांगल्या बसवल्या, तर तीच खोली बऱ्याच कमी उष्णतेत भागवते. वीज गेली तरी ऊब कित्येक तास टिकते. कार्बन वाचला हे खरं, पण त्या घरातल्या आजीच्या दृष्टीने ती त्या रात्री गारठली नाही, एवढंच. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, मग आधी असं सांगायचं ना. बरोबर आहे त्यांचं. या विषयावर बोलणारे आम्ही लोक उगाच कार्बनपासून सुरुवात करतो.

वीज कुठून आणणार? सौर पॅनेलवर शहर चालतं का?

एकट्या सौरवर नाही. पण युद्धाने एक धडा फार महागात शिकवला. मोठं वीजकेंद्र हे मोठं लक्ष्य असतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजव्यवस्थेवर पद्धतशीर हल्ले सुरू केले. २०२४ च्या वसंतातल्या माऱ्यातच सुमारे ९ गिगावॅट निर्मितीक्षमता गेल्याचं युक्रेनने सांगितलं. अंदाज यावा म्हणून सांगतो: आपलं एकलहऱ्याचं केंद्र ६३० मेगावॅटचं. तशी चौदा एकलहरे काही आठवड्यांत बंद पडली असं समजा.

रुग्णालयाच्या गच्चीवर पॅनेल, तळघरात बॅटरी, शाळेला वेगळी सोय, पाणीपुरवठ्याच्या पंपाला वेगळी, अशी वीज विखरून ठेवली की एका क्षेपणास्त्रात सगळं जात नाही. म्हणजे इथे हरित काम आणि संरक्षणाचं काम एकाच गच्चीवर येऊन बसलं. आणखी एक गोष्ट: युद्ध सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत, १६ मार्च २०२२ ला, युक्रेनची ग्रिड युरोपच्या ग्रिडला जोडली गेली. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नुसत्या परिषदा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

एवढा राडारोडा जातो कुठे?

माझ्या आवडीचा प्रश्न, कारण याकडे कोणी बघत नाही.

नाशकात एखादा जुना वाडा पडला की सागवान आणि कोरीव खांब आधी विकले जातात, विटा-माती ट्रॅक्टरमध्ये भरतात, आणि रात्रीतून ती नंदिनीच्या काठी किंवा एखाद्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन पडते. बांधकामाच्या राडारोड्याचे नियम देशात २०१६ पासून आहेत. ट्रॅक्टरवाल्याला ते माहीत नाहीत, आणि माहीत करून देण्याची तसदीही फारशी कोणी घेत नाही. हे एका वाड्याचं झालं. अख्खी वस्ती पडते तेव्हा?

राडारोडा हा कचरा नव्हे, खाण आहे. काँक्रीट भरडून रस्त्याच्या थराला खडी मिळते, सळई वितळवता येते, साबूत विटा पुन्हा लावता येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडच्या राजधानीतल्या, वॉर्सातल्या ढिगाऱ्यांतून विटा वेचल्या गेल्या, भरडलेल्या मालाचे ठोकळे पाडून त्यांची घरं बांधली. बर्लिनमध्ये जे उरलं त्याची टेकडीच झाली. टॉयफेल्सबर्ग म्हणतात तिला, आज लोक तिथे फिरायला जातात. यातला हवामानाचा भाग असा की जगातल्या कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतं. जुनी इमारत पाडण्यापेक्षा दुरुस्त केली, जुना माल फिरवला, तर सगळ्यात मोठी बचत तिथेच होते. नवीकोरी 'हरित' इमारत बांधायला जुनी चांगली इमारत पाडणारे आर्किटेक्ट मला कळत नाहीत. (आमच्या व्यवसायात मित्र कमी व्हायचं हे एक कारण.)

दोन गोष्टींची मात्र भीती आहे. एक, ढिगाऱ्यात न फुटलेला दारूगोळा असतो, त्यामुळे आधी सुरुंग काढणारं पथक आणि मग जेसीबी. दुसरी, ॲस्बेस्टॉस. तिथल्या घरांवर 'शिफर' नावाचे पत्रे असतात, म्हणजे आपले सिमेंटचे पत्रे. ते फुटले की त्यातले बारीक तंतू हवेत जातात आणि वर्षांनंतर फुप्फुसाचा कर्करोग देतात. ते ओले करून, वेगळे बांधून उचलायचे असतात. सातपूर-अंबडच्या जुन्या शेडचे पत्रे काढतानाही हेच करायला हवं.

पैसा किती लागणार आणि देणार कोण?

जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रं, युरोपीय आयोग आणि युक्रेन सरकार यांनी मिळून फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेला अंदाज दहा वर्षांसाठी ५२४ अब्ज डॉलरचा होता. रुपयांत तेव्हाच्या दराने सुमारे ४५ लाख कोटी, म्हणजे आपल्या केंद्र सरकारच्या एका वर्षाच्या अर्थसंकल्पापेक्षा थोडा कमी. त्याच अहवालाप्रमाणे १३ टक्के घरांचं नुकसान झालं किंवा ती नष्ट झाली. २५ लाखांहून जास्त कुटुंबं त्यात आली. त्याच महिन्यातला गाझाचा अंदाज ५३ अब्ज डॉलर होता.

देणारे अनेक. युरोपीय संघाने २०२४ ते २०२७ साठी ५० अब्ज युरोंची तरतूद केली, काही अनुदान, बरंचसं कर्ज. जी-७ देशांनी गोठवलेल्या रशियन मालमत्तेच्या उत्पन्नावर ५० अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं. मूळ मालमत्तेला हात लावायचा की नाही यावर वाद आहे आणि तो कायद्याचा असल्याने मी त्यात पडत नाही.

म्हणजे श्रीमंत देश येणार आणि आपले ठेकेदार घुसवणार, असंच ना?

काही प्रमाणात होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेने मदत दिली, त्या मार्शल योजनेतही अमेरिकेचा माल खपला. पण सगळेच प्रकार तसे नसतात.

डेन्मार्कने २०२२ मध्ये मिकोलाइव हे शहर आणि तो प्रांत एका अर्थी दत्तक घेतला. हे गाव समुद्राजवळचं, जहाजबांधणीचं. एप्रिल २०२२ मध्ये नीपर नदीवरून येणारी त्याची जलवाहिनी तुटली आणि पुढे दीर्घकाळ नळाला खारं पाणी येत राहिलं. त्या पाण्याने आतले पाइपही गंजले. लोक टँकरवर, रांगेत. (सिन्नर-येवल्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.) एक देश आणि एक शहर अशी जोडी असली की जबाबदारी कोणाची ते कळतं. पन्नास संस्था मिळून एका शहरात शिरल्या की प्रत्येकाचा फलक लागतो आणि पाइप कोणाचाच नसतो.

खारकीवसाठी नॉर्मन फॉस्टर या ब्रिटिश वास्तुरचनाकाराच्या प्रतिष्ठानाने २०२२ मध्ये आराखड्याचं काम सुरू केलं. मोठं नाव आल्याने जगाचं लक्ष गेलं हे खरं. पण स्थानिक वास्तुरचनाकारांनी तेव्हाच कुरकुर केली होती, की आमचं शहर आम्हाला विचारून करा.

मग ठरवायचं कोणी? तिथल्या लोकांना विचारतात का?

इथे मी जरा लांब बोलणार आहे, कारण याचं उत्तर आपल्याकडे आहे, किल्लारीत.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा मातीचा थर; हजारो माणसं त्याखाली गेली. मग मदत आली, जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातल्या संस्थांनी गावं दत्तक घेतली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उचलून नव्या जागी बसवली. घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली, ते काम बहुतेक ठिकाणी चोख झालं. इंजिनीअर म्हणून मला त्यात खोट काढायची नाही.

पण नवी गावं आखताना शहरी कॉलनीचा नकाशा घेतला. चौकोनी गल्ल्या, रुंद सरळ रस्ते, ओळीत घरं. जुन्या गावात भावकी एका बोळात राहायची, वाड्याच्या चौकात धान्य वाळायचं, गुरं दारात बांधलेली असायची. नव्या घरात गुरांना जागाच नव्हती. गाव इतकं पसरलं की म्हाताऱ्यांना एकमेकांकडे जाणं दूर पडू लागलं. लोकांनी पुढे पत्र्याचे आडोसे टाकले, ओटे काढले, आणि आपापल्या पद्धतीने ते गाव पुन्हा 'गाव' केलं. जी गावं हलवली नाहीत आणि जिथे घरमालकाला पैसे व मार्गदर्शन देऊन स्वतःचं घर दुरुस्त करू दिलं, तिथे ही ओढाताण कमी झाली.

जमिनीचं दुसरं त्रांगडं. हिरोशिमात युद्धानंतर प्रत्येक मालकाच्या प्लॉटमधला थोडा भाग कापून रस्ते आणि बागा काढल्या. १९४९ च्या खास कायद्याने सरकारी जमीनही शहराला मिळाली, आणि आजचा १०० मीटर रुंद शांतता मार्ग त्यातूनच झाला. आपल्याकडे याला टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना म्हणतात. भुजच्या तटबंदीतल्या भागात २००१ च्या भूकंपानंतर हेच केलं. आणि मखमलाबाद-हनुमानवाडीच्या शेतकऱ्यांना हेच करायला सांगितलं तेव्हा किती विरोध झाला, ते नाशिककरांना ठाऊक आहे. कागदावरची योजना वाईट नसते. आपला कापलेला तुकडा कुठे गेला आणि त्या बदल्यात काय मिळालं, हे माणसाला दिसलं नाही की तो अडून बसतो. बैरूतमध्ये तर यादवी युद्धानंतर शहराचा मध्यभाग एका खाजगी कंपनीकडे गेला आणि जागामालकांच्या हाती जमिनीऐवजी शेअर पडले. तिथे आता देखण्या इमारती आहेत. जुने दुकानदार बहुतेक नाहीत.

जसं होतं तसंच हुबेहूब का बांधू नये?

कधी कधी तेच करावं. वॉर्साचं जुनं शहर नाझींनी मुद्दाम उद्ध्वस्त केलं होतं. लोकांनी ते अठराव्या शतकातली चित्रं समोर ठेवून परत बांधलं आणि १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. इराकच्या मोसुलमध्ये नूरी मशिदीचा झुकलेला मिनार पुन्हा उभारला. शहराच्या ओळखीचे असे काही तुकडे असतात. आपल्याकडे उद्या गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला काही झालं तर तिथे नवं डिझाइन कोणी सुचवेल का? गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पुराचं पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरच सराफ बाजारातले दुकानदार सामान हलवतात. पण शहराचे सगळेच पाइप, सगळ्याच भिंती हुबेहूब परत करण्यात काही अर्थ नाही.

'स्मार्ट' म्हणजे कॅमेरे आणि ॲप, हेच ना?

नाशिकने २०१६ पासून हा शब्द पुष्कळ ऐकलाय. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा जेमतेम १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड किती काळ खोदलेला होता ते त्या रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, चहा पाजून सांगेल.

युक्रेनमधली मला पटलेली स्मार्ट गोष्ट अगदी कंटाळवाणी आहे. 'दिया' नावाचं सरकारी ॲप २०२० पासून आहे. २०२३ पासून पडझड झालेल्या घराचा मालक त्यावरूनच भरपाईचा अर्ज करतो, समिती येऊन पाहणी करते, पैसे खात्यात येतात. पुनर्बांधणीचे प्रकल्प 'ड्रीम' नावाच्या सार्वजनिक व्यवस्थेत नोंदवायचे असतात, म्हणजे कोणती शाळा, किती पैसा, कोण ठेकेदार हे कोणालाही बघता येतं. निविदा 'प्रोझोरो' या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन व्यवस्थेवर. भ्रष्टाचार संपला असं मी म्हणणार नाही. तिथे मोठी प्रकरणं उघड झाली आहेत. पण बघायला खिडकी आहे.

दुसरी बाजूही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये ल्वीवमध्ये गरम पाण्याच्या व्यवस्थेच्या संगणकी नियंत्रकांत घुसखोरी झाली आणि ६०० हून अधिक इमारती ऐन थंडीत जवळपास दोन दिवस गार पडल्या. जे इंटरनेटला जोडलंय ते दुरून बंदही करता येतं. म्हणून प्रत्येक स्मार्ट व्हॉल्व्हच्या शेजारी हाताने फिरवायचं चाक हवंच.

याचा नाशिकशी काय संबंध?

आपण दर बारा वर्षांनी एक छोटी पुनर्बांधणी करतो. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे: ठरलेली तारीख, मोठा निधी, घाईतले रस्ते, आणि 'आत्ता वेळ नाही, नंतर बघू' हे वाक्य. गोदापात्रात पूर्वी ओतलेलं काँक्रीट काढा म्हणून लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय निघाला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. घाईत बांधलेलं किती काळ पुरतं, याचा आपल्याला अनुभव आहे.

नाशिकजवळ ओझरला सुखोई लढाऊ विमानं बनतात, रशियाच्या परवान्यावर. मग आपण कोणत्या तोंडाने बोलायचं?

बनतात. आपली द्राक्षंही रशियाला जातात आणि युरोपलाही. हे पान पडलेल्या घरांबद्दल आहे.

मला किंवा माझ्या मुलाला तिथे पुनर्बांधणीचं काम मिळेल का?

आंतरराष्ट्रीय संस्थांच्या जागा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर निघतात आणि अर्जाला पैसे लागत नाहीत. कोणी एजंट लाखभर रुपये मागत असेल तर तिथेच उठा. परदेशात नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना रशियन सैन्यात ढकलल्याची प्रकरणं २०२४ मध्ये सीबीआयने उघड केली. अनुभव हवा असेल तर इथेच जुन्या इमारतींची तपासणी आणि मजबुतीकरण शिका. त्या कामाची माणसं जगात कुठेही कमीच आहेत.

तुम्ही स्वतः तिथे गेला आहात?

नाही. किल्लारीला चारदा गेलोय, युक्रेनला एकदाही नाही. जे आहे ते वाचून, आणि आमच्या ओळखीतल्या एका मुलीकडून. ती खारकीवला एमबीबीएसला होती. युद्ध सुरू झालं तेव्हा मेट्रो स्थानकात झोपून दिवस काढले, मग रेल्वेने सरहद्दीपर्यंत आणि ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी. आता ती इकडेच प्रॅक्टिस करते. तिची तिथली घरमालकीण तिला अजून फोटो पाठवते. पहिल्या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीला प्लायवूड होतं. दुसऱ्या हिवाळ्यात प्लास्टिकची शीट, थोडा उजेड यावा म्हणून. मागच्या फोटोत काच बसली होती, आणि खिडकीत टोमॅटोची रोपं ठेवलेली होती.